‘तीन ट्रे’ नावाचं गाणं

आमच्या घरात लढाईला लढाई म्हणत नसत, ‘माल वाढला’ म्हणत. सीमेवरची बातमी पेपरात ठळक व्हायच्या आधीच बाबा जेवता जेवता आईला सांगत, ‘माल वाढला वं. उद्यापासून दोन डबे दे.’ आई काही विचारत नसे. कणीक जास्त भिजवायची, एवढं तिला त्यातून कळायचं. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. कारखाना कोणता, कुठे, हे मी लिहिणार नाही. आतलं बाहेर बोलणार नाही अशी सही त्यांनी नोकरीला लागताना केली होती, आणि आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा तो पहिला माणूस. त्या सहीचा मान मी ठेवणार. त्यांनी स्वतः घरात जेवढं बोलून दाखवलं, तेवढंच इथे येईल.

आम्ही मूळचे वऱ्हाडातले. खडकी बाजाराच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा, पुढे चार फुटांची ओटी. सकाळी लष्कराच्या बाजूने बिगुल ऐकू यायचा, मग मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज, आणि त्यानंतर आईचा खलबत्ता. सुकं खोबरं, खसखस आणि लाल मिरची ती रोज ताजी कुटायची. पुण्याचं गोडसर वरण तिने आयुष्यात कधी मान्य केलं नाही. बाबा कारखान्यात अंघोळ करून निघत आणि घरी येऊन पुन्हा करत, तरी त्यांच्या बनियनवर काखेत पिवळे डाग असतच. तळवेही पिवळे. लहानपणी ते मला भरवायचे तेव्हा घास कडू लागायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच बापाचे हात कडू असतात. शाळेत एका मुलाच्या वडिलांनी मला पेढा भरवला तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की असं नसतं. घरी येऊन मी हे सांगितलं. आई हसली, बाबा हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी मला भरवणं बंद केलं.

दोन घरं सोडून नत्थूकाका राहायचे. बाबांच्याच गावचे, बाबांच्याच खात्यातले, आणि बाबा जितके अबोल तितके ते बोलके. रविवारी दोन्ही घरांचं जेवण एकत्र व्हायचं. इंदूकाकू पातोडीचा रस्सा करायच्या, आई गोळाभात करायची, आणि नत्थूकाका वाढेपर्यंत सगळ्यांची टिंगल करायचे. मी कॉलेजात गेलो, केस वाढवले, हप्त्याहप्त्याने जुनी बेस गिटार घरात आणली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. ‘सदाभाऊ,’ ते बाबांना म्हणाले, ‘पोट्टं तुह्यं शिकून राह्यलं का भजनी मंडळ काढून राह्यलं? अन् हे गिटार चारच तारांचं काऊन? बाकीच्या इकल्या का बे?’

त्या दोघांच्या कामाची एक रीत होती. ती मी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गोळ्यांच्या रिकाम्या कवचांत ते वितळलेला मसाला, म्हणजे ती पिवळी, कडू स्फोटकं, ओतायचे. एका ट्रेमध्ये सात कवचं: पहिल्या ओळीत तीन, मग दोन, मग दोन. बाबा जाड भिंतीच्या एका अंगाला, नत्थूकाका दुसऱ्या अंगाला. एकमेकांना दिसत नसत. भरलेले ट्रे न्यायला बाहेर एकच अरुंद वाट, आणि त्या वाटेवर दोन माणसं भरल्या ट्रेसकट समोरासमोर येऊ नयेत म्हणून या दोघांनी आपसात एक हाक ठरवली होती. बाबा ओतता ओतता मोठ्याने मोजायचे, ‘एक दोन तीन, चार पाच, सहा सात.’ सातावर थांबायचं. पलीकडून नत्थूकाकांचं ‘हौ’ आलं की वाट मोकळी. मग ते मोजायचे आणि ‘हौ’ बाबा म्हणायचे. ही रीत कुठल्या पाटीवर नव्हती, त्यांची त्यांनी काढलेली होती. वीस वर्षं ते असं करत आले होते आणि सवय इतकी मुरली होती की रविवारी बाबा पोळ्या वाढताना सातवी पोळी पडली की नत्थूकाका पाठ वळवून बसलेले असले तरी ‘हौ’ म्हणायचे. आम्ही पोरंसुद्धा म्हणायचो.

आमचा बँड तिघांचा. गिटारवर केदार, नारायण पेठेतला, ज्याच्या घरात सगळे पदवीधर होते आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. ड्रमवर जोसेफ, खडकीचाच. आणि मी. पुण्यात तेव्हा जो तो संगणकाचा कोर्स करत होता. आम्हीही करत होतो, आणि उरलेल्या वेळात जोसेफच्या अंगणात कानठळ्या बसवत होतो. हेवी मेटल म्हणजे आमच्या लेखी काळे टी-शर्ट आणि इंग्रजीतून मरण. युद्धावर आमचं एक गाणं आधीच होतं. त्यात कवट्या होत्या, रणगाडे होते, रक्ताच्या नद्या होत्या. रणगाडा फक्त जोसेफने पाहिला होता, तोही चौथऱ्यावर रंगवून ठेवलेला.

मग माल वाढला. या वेळी इतका वाढला की बाबा आणि नत्थूकाका रविवारीही जाऊ लागले. वर बर्फात लढाई पेटली होती. टीव्हीवर झेंड्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायच्या, चौकाचौकात अभिवादनाचे फलक लागले होते, आणि आमच्याकडे दोन डबे जाऊन रिकामे परत यायचे. बाबा बसल्या जागी झोपायचे. नत्थूकाकांची बडबडही कमी झाली. ‘वर पोट्टे वाट पाहून राह्यले ना बे,’ एवढंच एकदा मला म्हणाले. त्यांना मुलगा नव्हता. मला वाटतं, वरचे सगळेच त्यांना आपले वाटत होते.

त्या दुपारी बाबा वेळेआधी घरी आले. ओटीवर उभे राहिले, आत आले नाहीत. कारखान्याची गाडी इंदूकाकूंच्या दारात थांबली होती. स्फोट नाही, काही नाही. नत्थूकाका आपल्या जागेवर पडलेले सापडले. उकाडा, वाफ, थकवा, हृदय. डॉक्टरांनी जे लिहिलं ते लिहिलं.

तेराव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबा इंदूकाकूंच्या समोर जाऊन बसले. माणसं होती, आई होती, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. बाबा म्हणाले, ‘वयनी, मी सातावर थांबलो होतो. त्याची हौ नाई आली. मले वाटलं, पाणी प्याले गेला असंन. लय घाई होती. मी तीन ट्रे अजून भरले, अन् मग पाह्यले गेलो.’ काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. रागाने आपटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं लोटलं.

त्यानंतर बाबा बोलायचे थांबले. कामाला जात, त्यांनी स्वतःहून गोदामात बदली मागून घेतली होती, तिथे एकट्याने पेट्या मोजायच्या. मनातल्या मनात मोजत असावेत. घरी ‘हो’, ‘नाई’, ‘वाढ’ एवढंच. रविवारी पातोडी येईना, आईने गोळाभात बंद केला. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकू समोरून आल्या की बाबा पाण्याच्या टाकीमागून वळून जायचे. आई एकदा मला म्हणाली, ‘तुह्या बापाले कोनीतरी हाक माराले पाह्यजे. माह्यी हाक त्याईले पोचत नाई.’

मी ते गाणं लिहिलं ते या दिवसांत. आधीचं इंग्रजी सगळं फाडून टाकलं. नव्या गाण्यात रणगाडा नव्हता, शत्रू नव्हता. एक भिंत होती, दोन माणसं होती, आणि पुढे ‘तीन ट्रे’. मराठीत. केदार म्हणाला, ‘मराठीत मेटल? लोक हसतील रे.’ वाचल्यावर मात्र त्याने गिटार उचलली. अडचण जोसेफची झाली. तो ठेका आठांत बसवायचा आणि गाणं प्रत्येक वेळी एका मात्रेने लंगडायचं. आठवडाभर आम्ही एकमेकांवर खेकसत होतो.

ते सोडवलं लेलेकाकांनी. लेलेकाका केदारच्या आत्याचे यजमान. नारायण पेठेत कागदाच्या दुकानावर त्यांचा छोटा स्टुडिओ होता. गाद्या ठोकलेल्या भिंती, एक काच, काचेअलीकडे यंत्रं आणि ते. तिथे आरत्या, स्तोत्रं आणि हौशी लोकांची भावगीतं ध्वनिमुद्रित व्हायची. दारावर पाटी होती: ‘पादत्राणे बाहेर काढावीत. गळा घरून तयार करून आणावा.’ आमचं एकदा ऐकून ते म्हणाले, ‘युद्धावर आहे म्हणता. मग शत्रू कोण? मी?’ पुन्हा ऐकलं. मग टेबलावर बोटं वाजवत जोसेफला म्हणाले, ‘अहो, आठ कुठे शोधताय? तीन, दोन, दोन. रूपक आहे हा. सात मात्रा. तुम्हाला ठाऊक नाही म्हणून तो असायचा थांबत नाही.’ जोसेफने तसं वाजवलं आणि गाणं उभं राहिलं. बाबांचा ट्रे होता तो. मी इतका शिकलेला, मला एवढं मोजता आलं नव्हतं.

मग मला वाटलं की त्यात बाबांचा आवाज हवा. का वाटलं, याची दोन कारणं मी स्वतःला देत आलो. एक, आई म्हणाली होती तसं कोणीतरी त्यांना हाक मारायला हवी. ते एकदा मोठ्याने मोजतील, आतलं काहीतरी मोकळं होईल, कॅसेट काकूंना ऐकवू, काकू दार उघडतील. दुसरं, गाण्यात खऱ्या माणसाचा आवाज आला तर पुण्यात असं कोणीच केलेलं नव्हतं. पहिलं कारण मी घरी सांगितलं. दुसरं जास्त खरं होतं की काय, हे मी आज पन्नाशीला टेकल्यावरही ठरवू शकलेलो नाही.

बाबा तीन दिवस ‘नाई’ म्हणाले. चौथ्या दिवशी आई म्हणाली, ‘जा ना जी. पोराच्या मनासाठी जा. सातच तर म्हनाचे हायेत.’ रविवारी दुपारी ते लग्नाला घालायचा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. नारायण पेठेत स्टुडिओच्या जिन्याखाली चपला काढताना मला म्हणाले, ‘तू राहशीन ना तथी?’ मी म्हणालो, ‘आहे ना बाबा, काचेमागे. समोरच.’

लेलेकाकांनी त्यांच्याशी फार आदराने बोलून नियम सांगितला. ‘हा लाल दिवा लागला की आपण सुरू करायचं. तो विझेपर्यंत मी काही बोलणार नाही आणि ही मंडळीही हूं की चूं करणार नाहीत. एका बाईंच्या बांगड्या वाजल्या म्हणून मी अख्खी आरती पुन्हा म्हणून घेतली आहे.’ आमच्याकडे वळून म्हणाले, ‘श्वाससुद्धा बेताने.’ बाबांनी मान हलवली. नियम पाळणाऱ्या माणसासमोर ते नेहमीच मान हलवायचे. कानाला हेडफोन लावायला मात्र नको म्हणाले.

दिवा लागला. बाबा माइकसमोर उभे होते, पण माइककडे न पाहता बाजूच्या गादीच्या भिंतीकडे तोंड करून. ‘एक दोन तीन, चार पाच, सहा सात.’ आवाज घोगरा होता, पण ठेका केसभरही हलला नाही. जोसेफने डोळे मिटले. केदारने माझा खांदा दाबला. मला वाटलं, झालं. लेलेकाकांचा हात वर होता, शेवटी दोन क्षण रिकामी टेप सोडायची म्हणून.

बाबा थांबले होते. मान जराशी भिंतीकडे कलली होती. त्या खोलीत आवाज घुमत नसे, शब्द तोंडातून निघाला की गादीत मुरायचा. तशी शांतता मी त्याआधी कुठे ऐकलेली नव्हती. बाबा वाट पाहत होते. मग पुन्हा म्हणाले, ‘सात.’ जरा मोठ्याने. मला तेव्हा कळलं. आम्हा तिघांत कळायचं होतं ते फक्त मला. माझ्यासमोर आतल्या स्पीकरवर बोलायचं बटण होतं, दाबून एक शब्द म्हणायचा होता, तो शब्द मला चालायला लागल्यापासून येत होता. आणि लाल दिवा लागलेला होता. टेप फिरत होती. इतकं चांगलं काहीतरी त्या टेपवर उतरत होतं की माझ्या अंगावर काटा आला होता. माझा हात कोणी धरला नव्हता.

‘नत्थू?’ बाबा म्हणाले.

मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक दोन तीन, चार पाच, सहा सात. थांबले. पुन्हा. थांबले. पुन्हा. तीन वेळा. तिसऱ्यांदा ‘सात’ म्हणताना आवाज असा आला की लेलेकाकांनी हात खाली घेऊन दिवा विझवला, टेप थांबवली आणि स्वतः उठून आत गेले. त्यांनी बाबांना खुर्चीवर बसवलं. बाबांनी पाणी घेतलं, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि ‘झालं का?’ असं विचारलं, काम कसं झालं हे विचारावं तसं.

बाहेर येऊन लेलेकाका मला म्हणाले, ‘हे वापरू नका.’

‘काका, अहो हेच तर गाणं आहे!’ केदार म्हणाला.

लेलेकाका माझ्याकडेच बघत होते. ‘यांना विचारतोय मी. वडील यांचे आहेत.’

मी म्हणालो, ‘वापरायचं.’

‘बरं,’ ते म्हणाले. ‘मग कॅसेटवर माझं नाव कुठे घालू नका.’

आम्ही ते वापरलं. पहिला सात, ती शांतता, दुसरा ‘सात’, आणि मग तिघं मिळून तुटून पडायचो. गाणं कॉलेजांच्या महोत्सवांत गाजलं. खडकीतल्या कुठल्यातरी पोराने पब्लिकला गुपित सांगितलं असावं. तिसऱ्या कार्यक्रमापासून त्या शांततेत समोरची हजारभर पोरं हात वर करून एकदम ओरडायची, ‘हौऽ!’ आणि हसायची. मीही स्टेजवर हसायचो. वर्षभराने केदार अमेरिकेला गेला, जोसेफ आखातात, मी संगणक कंपनीत लागलो आणि बँड संपला. काकूंना कॅसेट द्यायची राहिली. त्या त्याआधीच घर सोडून गावी निघून गेल्या होत्या, जाताना आईला भेटल्या, बाबांना नाही. गेल्या वर्षी कोणीतरी ते गाणं इंटरनेटवर टाकलं. खाली एका मुलाने विचारलंय, ‘तो म्हातारा अॅक्टर कोण आहे? काय काम केलंय!’ मी उत्तर दिलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी आम्ही दोघं जिना उतरून खाली आलो तेव्हा ऊन होतं आणि पेठ दुपारची झोपली होती. बाबांनी चपला घातल्या. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. मी काहीतरी बोलत होतो, आवाज छान आला, लेलेकाकांना आवडला, असलं काहीतरी. थांब्यावर आल्यावर बाबा म्हणाले, ‘तू काचीमागं होता ना?’

‘हो बाबा.’

‘तुले आयकू येत होतं?’

‘हो.’

‘मंग आवाज काऊन नाई देल्ला?’

माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. वादविवादात बक्षिसं मिळवलेला. मी म्हणालो, ‘लाल दिवा लागला होता, बाबा. रेकॉर्डिंग चालू होतं.’

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. रागावले असते तर मी काहीतरी म्हणालो असतो, माफी मागितली असती, रडलो असतो. ते रागावले नाहीत. जे मी सांगितलं ते त्यांना पटलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्याहून वाईट मी पुढे काही पाहिलं नाही.

‘बराबर हाय,’ ते म्हणाले. ‘काम चालू होतं. माह्यंबी चालूच होतं.’

बस आली. बाबांनी दोघांची तिकिटं काढली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ते पुढे जाऊन एका अनोळखी माणसाच्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून बसले.